डोंगराच्या आतला सांधा

भोर घाट खोलीत मावत नाही, हे मास्तरांना कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर लगेच कळलं. पळसदरीच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतची चढण सुमारे 25 किलोमीटरची, आणि तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटर वर येते. मास्तरांनी धरलेल्या छोट्या गाड्यांच्या एचओ मापात खऱ्या 87 मीटरचा एक मीटर होतो. तरी रूळ जवळजवळ 290 मीटर लागत होते आणि डोंगर दुमजली घराएवढा उंच. हाताशी होती ती लोणावळ्याच्या घराची मागची खोली, जिथे पूर्वी तांदळाच्या कोठ्या असत.

म्हणून त्यांनी घाटाचा एकच तुकडा उचलला, खंडाळ्याजवळचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन. 1863 साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा डोंगराच्या त्या सोंडेवर तिला वळवायला जागाच नव्हती. गाडी सोंडेच्या टोकापर्यंत चढून यायची आणि थांबायची. मग इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि मघाची शेपटी आता तोंड होऊन गाडी उलट दिशेने पुढची चढण धरायची. 1929 च्या सुमारास विजेची इंजिनं आली, नवी वाट खोदली गेली आणि ते स्टेशन बंद पडलं. मास्तरांना ते पुन्हा चालू करायचं होतं, खोलीच्या मापात.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, 1998 पासून लोकांना खुलं. तिथे नातीला घेऊन गेले आणि परत आले ते मोजपट्टी घेऊनच. नात पुण्याची, सुट्टी लागली की लोणावळ्याला येणारी. कामाचा निम्मा वाटा तिचा.

पहिले काही महिने आनंदाचे होते. सुताराने सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा करून दिला, त्यावर प्लायवूड बसलं. प्लायवर बुचाचा पातळ थर, बुचावर रूळ. एचओच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. ते परदेशातल्या स्टँडर्ड गेजशी जुळतं, आपल्या ब्रॉडगेजशी नाही. आपलं 1676 मिलिमीटरचं अंतर 87 ने भागलं तर एकोणीसच्या थोडं वर जातं. मास्तरांना हे फार खुपलं. पण इंजिनं, चाकं, काटे सगळं बाजारात साडेसोळाचंच मिळतं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. मला ही तडजोड पटते. जी उणीव डोळ्यांसमोर आहे आणि जिच्यामुळे गाडी अडत नाही, ती पत्करायला हरकत नसते.

चढाच्या बाबतीत मात्र ते हटले नाहीत. खऱ्या घाटात 37 मीटर पुढे गेलं की लाईन एक मीटर वर चढते. मास्तरांनीही मीटरला 2.7 सेंटिमीटर उचल धरली. लहान इंजिनाला हा चढ कठीण जातो, त्यातून वळण असेल तर आणखीच. म्हणूनच मागून ढकलायला दुसरं इंजिन, म्हणजे बँकर हवं, जसं कर्जतला आजही गाड्यांना लागतं. आणि रिव्हर्सिंग स्टेशनात त्याची खरी गंमत होती. मागून ढकलत आलेलं तेच इंजिन वर पोचल्यावर पुढचं होणार होतं. बँकर अजून यायचं होतं, पण सगळी आखणी त्याच्या भरवशावर झाली होती.

स्टेशनाकडे चढणाऱ्या खालच्या फाट्यावर एक बोगदा होता, वळणात. मास्तर लवचीक रूळ वापरत होते. त्याचे गजभर लांबीचे तुकडे येतात आणि हवे तसे वाकतात. वाकवले की आतल्या बाजूचा रूळ टोकाला पुढे सरकतो. तो करवतीने कापायचा, कानस मारून टोक साफ करायचं आणि पुढच्या तुकड्याला बारीक फिशप्लेटने जोडायचा. सांधा वळणात येत असेल तर जाणकार दोन्ही तुकडे आधी सरळ ठेवून सांध्याला डाख देतात आणि मग एकसंध वाकवतात. नाहीतर प्रत्येक तुकडा टोकाशी सरळ व्हायला बघतो आणि सांध्यावर कोपरा पडतो. मास्तरांनी हे वाचलं होतं. पण डाख द्यायचं यंत्र शेजारी गेलं होतं, दिवाळी तोंडावर होती आणि त्यांचा जीव डोंगरात गुंतला होता. रूळ तसेच बसवले. एक इंजिन आणि दोन डबे फिरवून पाहिले, गाडी गेली.

मग डोंगर उभा राहू लागला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, तिच्यावर कागदाचा लगदा, वर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या मलमलीच्या पट्ट्या. सह्याद्रीचा कातळ आडव्या थरांचा असतो, लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा. ते थर मास्तरांनी ओल्या प्लास्टरमध्ये जुन्या सुरीने ओढले आणि वर पाणीदार काळ्या शाईचे हात दिले. शाई भेगांत उतरली, कडा उजळ राहिल्या. भुशाला हिरव्या चार छटा देऊन नातीने गवत पेरलं. बारीक चाळलेली खडी स्लीपरांमध्ये भरली आणि तिच्यावर पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडला, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून. तो थेंब नसेल तर पाणी खडीवर गोळा होऊन बसतं, आत मुरत नाही. बोगद्याच्या बरोबर माथ्यावर मास्तरांनी पावसाळ्यातला धबधबा केला. त्यांच्या हातून इतकी सुंदर गोष्ट त्याआधी झाली नसेल, असं मी मनापासून म्हणतो. मी तो पाहिला आहे.

दिवाळीला अख्खी आळी लोटली. एका इंजिनामागे चार डबे बोगद्यातून वर गेले, मागे उतरले, पुन्हा गेले. मास्तरांच्या घरच्या काकूंनी चकल्या संपेपर्यंत लोकांना थांबवून घेतलं.

बँकर आलं पुढच्या वर्षी आणि त्यापाठोपाठ पाऊस. लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांना ठाऊक आहे की आषाढात इथे कपाटातले कपडेही दमट होतात. मास्तरांनी पुढे एक इंजिन, मधे पाच डबे, मागे बँकर अशी गाडी लावली. गाडी बोगद्यात शिरली आणि आत घसरली.

बोगद्यात हात पुरेना. मास्तरांनी तारेचा आकडा करून डबे एकेक ओढून बाहेर काढले, पुन्हा लावले. गाडी पुन्हा घसरली. त्यांनी पहिला दोष डब्यांना दिला. डबे हलके असतील. परदेशातल्या छंदिष्टांच्या संघटनेने वजनाचं एक प्रमाण ठरवून दिलं आहे, त्याप्रमाणे दहा इंची डब्याला जवळजवळ 170 ग्रॅम हवेत. मास्तरांनी काट्यावर एकेक डबा तोलला आणि शिशाचे तुकडे आत चिकटवले. डबे जड झाले, चढावर इंजिन धापा टाकू लागलं आणि घसरणं चालूच राहिलं. मग चाकं तपासली. एका आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास असावं लागतं, ते गेजने पाहिलं. दोन जोड्या चुकीच्या निघाल्या, त्या दुरुस्त केल्या, मास्तर खूश झाले. संध्याकाळी गाडी घसरली. मग कपलिंग बदलली. मग संशय बँकरवर गेला. दोन इंजिनांचा वेग सारखा नसेल तर पुढचं ओढायच्या आत मागचं रेटतं. मोटारीचा वेग जुळवला. त्याने घसरणं थोडं कमी झालं, आणि हेच वाईट झालं, कारण आता आशा सुटेना.

मधल्या काळात बाकी कामं होत होती, हेही सांगायला हवं. वरच्या फाट्याला वीज नीट पोचत नव्हती, मधेच गाडी मंदावायची. प्लायच्या खालून जाड तांब्याच्या दोन तारा नेऊन दर मीटरला रुळांना जोडल्यावर बारा व्होल्ट टोकापर्यंत सारखे मिळू लागले. स्टेशनातला काटा स्वच्छ पडू लागला. एक छोटी सिग्नल केबिन उभी राहिली. पण गाडी तिथवर पोचेल तर ना.

शेवटी मास्तरांनी एक वाट काढली. बँकर कपाटात ठेवलं. एकच इंजिन चार डबे घेऊन वर येई. रिव्हर्सिंग स्टेशनात मास्तर इंजिन बोटांनी उचलत, दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी पुढे जाई. पाहुण्यांना यात काही वावगं दिसलं नाही. नातीने मात्र विचारलं, “आजोबा, खऱ्या घाटात असा आकाशातून हात यायचा का?”

मास्तर तिच्यावर चिडले. तिच्यावर ते सहसा चिडत नसत.

तात्या त्याच आठवड्यात आले. तात्या म्हणजे रेल्वेच्या गँगमधून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. आयुष्य मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी या पट्ट्यात गेलेलं. पावसाळी गस्तीला रात्रभर कंदील आणि फटाके घेऊन लाईनवरून चालायचं, दरड आली की गाडीच्या आधी धावत जाऊन रुळावर फटाके लावायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. दिवाळीला ते आले नव्हते, गुडघे दुखत होते. आता चहाला आले आणि स्टूल ओढून डोंगरापाशी बसले. डोंगराबद्दल काही बोलले नाहीत. मास्तरांना ते लागलं.

“ढकलगाडी लावा की,” तात्या म्हणाले.

“घसरते.”

“कंचा डबा?”

“कधी तिसरा, कधी पाचवा. सगळे बदलून पाहिले. वजनं भरली, चाकं बदलली, कपलिंग बदललं.”

“डबं बदललं. जागा बदलती का?”

मास्तर गप्प झाले. जागा बदलत नव्हती. गाडी नेहमी बोगद्यात घसरत होती आणि बोगद्यात दिसत नाही म्हणून ते दिसतं तेच दुरुस्त करत बसले होते.

तात्यांनी नातीला हाताशी घेतलं. एकच डबा इंजिनाला लावायला सांगितला, अगदी हळू सोडायला सांगितला, आणि स्वतः डोंगराच्या कातळाला कान लावून बसले. चाकं सांध्यावरून जाताना टक असा आवाज येतो. चांगल्या सांध्यावर तो बारीक येतो. आत एका ठिकाणी तो जड येत होता. “पुन्यांदा,” ते म्हणाले. गाडी पुन्हा गेली. त्यांनी बोट टेकलं आणि नातीने तिथे खडूची खूण केली. खूण धबधब्याच्या मधोमध पडली.

“रूळ उचललाय हितं. न्हाईतर वाकलाय. एक इंजान ओढतं तवा डबं ताणून सरळ जात्यात, खपून जातं. मागनं रेटा आला की डबं वाट शोधत्यात.”

“मग खालून काही करता येईल?”

“खाली लाकूड, वर डोंगर. वरनंच फोडाया लागल.”

मास्तर म्हणाले, पाहू. तात्यांनी आग्रह केला नाही. चहा संपवून गेले.

पुढचे दिवस मास्तर खोलीकडे फिरकले नाहीत. घाटाचा इतिहास घेऊन बसले. त्यांना खरं तर स्टेशनची इमारत काढण्यासाठी जुनी चित्रं हवी होती. वाचता वाचता ते एका जागी अडकले. घाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या हाती घेतला आणि अनुभवी इंजिनिअर नेमून पुरा करून दाखवला. ऐन भरात घाटात चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. आणि गाडी सुरू होऊन चार वर्षंच झाली होती तेव्हा, 1867 च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. दोष बांधकामातच निघाला. नंतर कंपनीने आपले पूल तपासून पाहिले आणि त्यातले कित्येक पुन्हा बांधून घेतले.

मास्तरांनी हे नातीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “म्हणजे उभे असलेले पूलही पाडले?”

“पाडले.”

“छान दिसत असतील ना ते?”

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि तिला हॅकसॉचं पातं आणायला पाठवलं.

काकूंना बघवेना, त्या स्वयंपाकघरात गेल्या. मास्तरांनी धबधब्याच्या दोन्ही बाजूंनी पातं चालवलं. प्लास्टर करकरत सुटलं. त्यांना वाटलं होतं धबधबा अख्खा निघेल आणि पुन्हा बसवता येईल, पण तो मधून फुटला. तुकडे नातीने परातीत गोळा केले. जाळी पकडीने कापली आणि आत उजेड पडला.

दोष एक नव्हता, दोन होते. वळणातल्या त्या न डाखलेल्या सांध्याला कोपरा पडलेला, अंगठ्याच्या नखाला लागेल इतका. आणि नेमका त्याच्याच खाली प्लायच्या दोन तक्त्यांचा जोड आलेला. पावसाळ्यात प्लाय दमटपणाने फुगलं होतं, एका तक्त्याची कड पोस्टकार्डाच्या जाडीएवढी वर आली होती. दिवाळीत हवा कोरडी होती, एकटं इंजिन ओढत होतं, म्हणून दोन्ही दोष खपून गेले. नुसता कोपरा असता तर कदाचित चाललं असतं. नुसती फुगवट असती तरीही. दोघं एकमेकांच्या आधाराने गाडी पाडत होते. म्हणूनच चाकं दुरुस्त केल्याने थोडं बरं वाटायचं, वेग जुळवल्याने थोडं बरं वाटायचं, आणि पूर्ण बरं कधीच वाटायचं नाही. ज्यांनी कुठलंही जुनाट दुखणं काढलं आहे, संसारातलं किंवा संस्थेतलं, त्यांना ही थोडं बरं वाटण्याची फसवणूक ओळखीची असेल.

दुरुस्ती सावकाश झाली. ऊन पडेल त्या दिवशी काम करायचं असं तात्यांनी बजावलं होतं. फुगलेली कड रंध्याने काढली. उघड्या कडांना आणि प्लायच्या खालच्या अंगाला व्हार्निशचे हात दिले, कारण ओल कडेतूनच आत शिरते. नवे रूळ टेबलावर सरळ ठेवून त्यांच्या सांध्याला डाख दिला आणि मग ते वाकवून बसवले, सांधा प्लायच्या जोडापासून वीतभर लांब पडेल असे. सरळ भागातल्या सांध्यांत जरा फट ठेवली, लाकूड हललं तर रुळांना जागा हवी म्हणून. तात्यांनी पाणसळ मागितली आणि ती वळणात आडवी टेकवत इंचाइंचाने पुढे सरकले. गुडघे दुखत असूनही ते तेव्हा जमिनीवर बसले होते.

बँकर लावलं. पाच डबे बोगद्यात शिरले आणि बाहेर आले. मास्तरांनी टाळी वाजवली. तात्यांनी वाजवली नाही. “आता उलटी. इंजान खाली, डबं म्होरं, नुसती ढकलत न्या.” तशी नेली. “आता जोरात.” जोरात नेली. “आता हलका डबा मधी घाला, शिसं काढून.” तोही गेला. मग गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात जाऊन उभी राहिली, पुढचं इंजिन सुटलं, मागचं ओढू लागलं आणि शेपटीचं तोंड होऊन गाडी वरच्या फाट्याला लागली. नात ओरडली. हात कुणाचा आला नव्हता.

धबधबा मास्तरांनी पुन्हा केला. तो पहिल्यासारखा जमला नाही, असं ते स्वतः म्हणतात आणि ते खरं आहे. पहिल्यात पाणी कोसळत होतं, दुसऱ्यात ते उतरतं. पण या वेळी डोंगराच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे, त्यांनी हात जाईल एवढं दार ठेवलं. नातीने त्याला बिजागरी बसवली आणि आतल्या बाजूला तारीख लिहिली.

त्यानंतर वरच्या फाट्यावरच्या बोगद्याची पाळी आली. रूळ बसले होते, जाळी ताणून झाली होती, मलमलीच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. दिवाळी पुन्हा जवळ आलेली. मास्तरांनी घमेल्यात प्लास्टर कालवलं, इडलीच्या पिठाइतकं दाट, आणि पहिली पट्टी बुडवायला घेतली. प्लास्टर ऑफ पॅरिस पंधरा-वीस मिनिटांच्या आत धरतं, तेवढ्यात हात चालवावा लागतो.

“आजोबा, थांबा,” नात म्हणाली. “यातून गाडी ढकलत नेऊन पाहिली?”

“ओढत नेली ना काल.”

“ढकलत?”

मास्तरांनी घमेल्याकडे पाहिलं, पट्टी परत ठेवली आणि हात पुसले. दोघांनी डबे लावले, बँकर लावलं. पहिल्या खेपेला गाडी गेली. दुसऱ्या खेपेला, जोरात, चौथ्या डब्याची दोन चाकं रुळावरून उतरली. नातीने कातळाऐवजी आता जाळीला कान लावला. तिला टक ऐकू आलं. दोघांनी पाणसळ घेतली आणि तो सांधा शोधत बसले. तो सापडला, खालचा बुचाचा थर एका ठिकाणी सुटला होता. गोंद लावून, वर विटा ठेवून ते दाबून झालं, तोवर अंधार पडला होता आणि घमेल्यातलं प्लास्टर दगड झालं होतं.

काकू दारात आल्या. “एवढं सगळं वाया गेलं?”

“उद्या नवं कालवू,” मास्तर म्हणाले आणि घमेलं उपडं करून तळाला हातोडी मारायला अंगणात गेले.